एका सुगंधी पाण्याचें नांव

घरांत कोणाला ताप भरला कीं वाटीभर थंड पाण्यांत कोलनवॉटरचे चार थेंब टाकावयाचे आणि त्यांत भिजविलेली घडी रोग्याच्या कपाळावर ठेवावयाची, हा परिपाठ मुंबई-पुण्याच्या पांढरपेशा घरांतून एके काळीं चांगलाच रूढ होता. त्या पाण्याचा गारवा सर्वांच्या ओळखीचा होता. परंतु त्याला तें नांव कोणीं दिलें, कां दिलें, आणि त्या नांवापायीं ऱ्हाइन नदीकांठच्या एका जर्मन शहरांत किती पिढ्या भांडल्या, याची कल्पना फार थोड्यांना असे. सुगंध करणाऱ्या कारागिराला नांव केवढें मोलाचें असतें आणि तें आपल्या हातीं राखणें किती अवघड असतें, हें या एका उदाहरणावरून चांगलें कळतें.

वस्त्राचा पोत हातानें पाहतां येतो, दागिना डोळ्यांनीं पारखतां येतो. सुगंधाचें तसें नाहीं. तो कुपींत बंद असतो, आणि बूच काढून त्याचें वर्णन करूं गेलें तरी शब्द अपुरे पडतात. दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत पोंचतें तें केवळ त्याचें नांव. आपल्याकडील अत्तरवाल्यांनीं हा प्रश्न सरळ रीतीनें सोडविला. कनोजच्या भट्टीवर जें फूल चढलें, त्याचेंच नांव बहुधा अत्तराला मिळालें : गुलाब, मोगरा, केवडा. वाळ्याच्या मुळ्यांचें तें खस. आणि भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलांत उतरविला तर त्याचें नांवही 'मिट्टी'च. येथें जिन्नस हीच नांवाची हमी असते. परंतु अनेक अर्क असे एकजीव झाले कीं त्यांतला कोणताही एक वेगळा ओळखूं येऊं नये, तर त्या मिश्रणाला कोणत्या नांवानें हांक मारावयाची?

हा प्रश्न अठराव्या शतकाच्या आरंभीं योहान मारिया फारिना याच्यापुढें आला. त्याचा जन्म १६८५ सालीं उत्तर इटलींतील सांता मारिया माज्जोरे या डोंगराळ भागांतील गांवीं झाला. त्याच्या भावानें १७०९ सालीं जर्मनींतील कोलन शहरीं एक लहानशी पेढी काढली होती. रेशीम, लेस व तत्सम शौकाचा माल ती विकीत असे. १७१४ सालीं योहान मारिया त्या पेढींत दाखल झाला. त्या काळीं युरोपांतील श्रीमंतांच्या आवडीचीं सुगंधी द्रव्यें म्हणजे कस्तुरी, जवादी यांसारखीं जड आणि उग्र. फारिनानें शुद्ध मद्यार्कांत लिंबू, संत्रें, बर्गमॉट अशा फळांच्या सालींचीं तेलें मिसळून एक हलका व ताजा गंध सिद्ध केला. १७०८ सालीं भावास लिहिलेल्या पत्रांत या गंधाविषयीं सांगतांना त्यानें इटलींतील वसंतऋतूची, पाऊस नुकताच पडून गेलेली सकाळ आठवली आहे.

ज्यांत मायदेशाची आठवण साठविली, त्याला मायदेशाचें नांव देणें स्वाभाविक झालें असतें. 'ॲक्वा मिराबिलिस' म्हणजे 'अद्भुत जल' हें लॅटिन नांवही बाजारांत तयार होतें. परंतु तें अनेक औषधी अर्कांना सरसकट लावलें जात असे. फारिनानें हे दोन्ही मार्ग सोडून, ज्या शहरानें आपल्याला आसरा दिला त्याच्या सन्मानार्थ आपल्या सुगंधाला त्याचें नांव दिलें : 'ओ द कोलोन', कोलनचें पाणी. कर्ता इटालियन, शहर जर्मन आणि नांव मात्र फ्रेंच. कारण युरोपांतील राजदरबारांत फ्रेंच भाषा चाले, आणि हें पाणी परवडणारें गिऱ्हाईक त्या दरबारांतलेंच होतें. शहराच्या नांवाचा इतिहासही असाच आहे. इसवी सन ५० मध्यें रोमनांनीं या गांवाला 'कोलोनिया' म्हणजे वसाहतीचा दर्जा दिला, आणि पुढें तो सामान्य शब्दच त्याचें विशेषनाम होऊन बसला. परदेशांतून येऊन वसलेल्या माणसानें केलेल्या पाण्याला असें 'वसाहतीचें पाणी' हें नांव मिळालें.

नांवाला यश आलें. १७५६ पासून १७६३ पर्यंत चाललेल्या सप्तवार्षिक युद्धांत फ्रेंच सैन्याचा मुक्काम या भागांत पडला. परततांना सैनिकांनीं हा सुगंध आणि त्याची कीर्ति बरोबर नेली. परंतु या यशांतच पुढील तंट्याचें बीज होतें. शहराचें नांव कोणाच्या कुलपांत राहत नाहीं. कोलनमध्यें राहून दुसऱ्या कोणीं तसेंच पाणी केलें आणि 'कोलनचें पाणी' म्हणून विकलें, तर तें खोटें कसें म्हणावें? मग मूळ कर्त्याची ओळख सांगण्यास 'फारिना' हें आडनांव तेवढें उरलें. तेंही सुरक्षित राहिलें नाहीं. १८०३ सालीं विल्हेल्म म्यूलहेन्स या व्यापाऱ्यानें फारिना आडनांवाच्या, पण सुगंधी पाणी करणाऱ्या घराण्याशीं कोणताही संबंध नसलेल्या एका गृहस्थाकडून तें नांव वापरण्याचा हक्क पैसे देऊन घेतला, आणि पुढें तो इतरांनाही विकला. शहरांत जिकडे तिकडे फारिना झाले. अखेर मूळ पेढीला आपल्या नांवापुढें 'युलिश चौकासमोर' असा पत्ता जोडावा लागला, आणि ओळखीसाठीं तांबड्या ट्यूलिप फुलाचें चिन्ह धारण करावें लागलें. 'आमची दुसरीकडे कोठेंही शाखा नाहीं' ही पाटी ज्यांनीं पुण्याच्या पेठांतून वाचली आहे, त्यांना या पेढीची व्यथा समजावून सांगावयास नको.

नांवाइतकाच वर्गाचा प्रश्नही निघाला. हें पाणी अंगाला लावीत तसेंच औषध म्हणून पीतही असत. १८१० सालीं नेपोलियननें हुकूम काढला कीं, गुप्त औषधांच्या कर्त्यांनीं आपली कृति सरकारला कळवावी. कृति हेंच ज्यांचें भांडवल, त्यांना हें परवडणारें नव्हतें. तेव्हां पाणी तेंच आणि नांवही तेंच ठेवून कोलनच्या कारखानदारांनीं तें औषधांच्या वर्गांतून काढलें व अंगाला लावण्याचें सुगंधी द्रव्य म्हणून विकावयास आरंभ केला.

इकडे म्यूलहेन्स घराण्याच्या उसन्या नांवावर खटले चालूच राहिले. १८८१ सालीं त्या घराण्यांतील नातू फर्डिनांड याला 'फारिना' हें नांव कायमचें सोडणें भाग पडलें. नांव गेल्यावर त्याच्याजवळ काय उरलें? एक आकडा. १७९४ सालीं फ्रेंच सैन्य कोलनमध्यें आलें, त्या सुमारास साऱ्या शहरांतील घरांना एकामागून एक अनुक्रमांक देण्यांत आले होते. ग्लॉकनगासे म्हणजे 'घंटेची गल्ली' हिच्यांतील म्यूलहेन्सच्या घराला ४७११ हा क्रमांक आला. घोड्यावर बसलेला फ्रेंच शिपाई भिंतीवर तो आकडा रंगवीत आहे, असें चित्र पुढें फार लोकप्रिय झालें. तें दंतकथेंत जमा करावें. १८११ सालीं प्रत्येक रस्त्याचे स्वतंत्र क्रमांक लागून तो आकडा घरावरून नाहींसा झाला, पण बाटलीवर मात्र आला. १८७४ च्या जर्मन कायद्यानें व्यापारी चिन्हांना संरक्षण मिळालें, आणि १८७५ सालीं ४७११ चें चिन्ह सरकारदफ्तरीं नोंदलें गेलें.

या हकिकतीचें मर्म येथें आहे. फारिनानें निवडलेलें नांव अर्थपूर्ण होतें, त्यांत कृतज्ञता होती. आणि अर्थपूर्ण होतें म्हणूनच तें सर्वांना वापरतां आलें. ४७११ या आकड्याला ना फुलाचा संबंध, ना देशाचा, ना गंधाचा. तो निरर्थक होता, म्हणून दुसऱ्या कोणाला त्यावर हक्क सांगण्यास आधार सांपडला नाहीं. पॅरिसमध्यें १९२१ सालीं शानेल बाईंनीं आपल्या सुगंधाला नुसता 'क्रमांक पांच' म्हटलें, त्यापूर्वींच कोलनमध्यें एक आकडा सुगंधाचें नांव होऊन नांदत होता.

फारिनाची पेढी आजही कोलनमध्यें आहे आणि त्याच्याच घराण्याकडे आहे. 'ओ द कोलोन' हें मात्र त्या घराण्याचें राहिलें नाहीं. जगांत कोठेंही केलेल्या हलक्या सुगंधी पाण्याचें तें सामान्यनाम झालें. मराठी घरांनीं तर त्यांतला फ्रेंच शब्द टाकून इंग्रजी 'वॉटर' जोडलें आणि तें औषधाच्या फडताळांत ठेवलें. ज्या वर्गांतून तें पाणी कोलनच्या कारखानदारांनीं १८१० नंतर मोठ्या प्रयासानें बाहेर काढलें होतें, त्याच वर्गांत तें पुन्हा जाऊन बसलें. तापलेल्या कपाळावर घडी बदलणाऱ्या आईला फारिना ठाऊक नव्हता; पण त्यानें ज्या शहराचें ऋण फेडलें, त्याचें नांव ती बिनचूक घेत होती.