ठासणीचा हिशेब

बंदुकीशी माझा संबंध बँकेच्या दारातल्या गार्डच्या दुनळीपुरता. ती 'बारा बोअर'ची. म्हणजे काय? तर एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, की त्यातली एक त्या नळीत नेमकी बसते. आकडा लहान तशी नळी मोठी! सरकारी नोकरीत क्लास फोरपेक्षा क्लास वन मोठा, तसंच हे.

आता इंग्रजांची 'ब्राऊन बेस' घ्या. हिचा 'इंडिया पॅटर्न' ईस्ट इंडिया कंपनीनं आपल्या फौजांसाठी घडवून घेतला आणि १७९७ मध्ये ब्रिटिश लष्करानंही उचलला. नळी ०.७५ इंच, म्हणजे अकराची, गोळी ०.६९ इंच, म्हणजे चौदाची! फरक दीड मिलिमीटर. आमच्याकडे खात्यात असा फरक निघाला तर रात्री नऊपर्यंत कुणी घरी जात नाही. इथे तो मुद्दाम ठेवलेला. कारण काळी दारू जळली की नळीत काजळी साचते, आणि शिपायाला मिनिटाला तीन बार भरायचे असतात. दहाव्या बाराला गोळी अडकली तर समोरचा थांबतो थोडाच! म्हणून सैल गोळी, आणि काडतुसाचाच कागद बोळा म्हणून वर ठासायचा. मग गोळी नळीत आपटत बाहेर पडणार आणि शेवटचा धक्का बसेल त्या दिशेनं जाणार. दोनशे यार्डांवरच्या माणसावर नेम धरणं फुकट, असं कर्नल जॉर्ज हँगर यांनी १८१४ मध्ये लिहूनच ठेवलं. उपाय काय, तर सगळ्यांनी एकदम झाडायच्या. कुणाची तरी लागेलच.

शिकाऱ्याला ही चैन परवडत नाही. त्याला मिळणार एकच बार. म्हणून तो गोळी जरा मोठी घेतो आणि तेलकट चिंधीत गुंडाळून ठासतो. नळी ०.७५० आणि गोळी ०.७२०, तर चिंधी किती जाड? मी चटकन ०.०३० म्हणालो असतो, पण चिंधी गोळीच्या दोन्ही अंगांना असते. म्हणून ०.०१५. एकाच रकमेची नोंद दोन बाजूंना! बी.कॉम. झाल्याचं सार्थक वाटलं. कापड मात्र घट्ट विणीचं सुती हवं, उशीच्या खोळीसारखं. ते दबतं, त्यामुळे केसभर जाड चालतं. पण गजावर हातोडा मारायची पाळी आली तर गोळी मध्येच अडकते. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली, तर बार उडताना नळी फुटायची भीती. तिथे चूक दुरुस्तीची नोंद करायला हात शिल्लक राहीलच असं नाही.

बार झाल्यावर चिंधी पुढे काही पावलांवर पडते. जाणकार नेमबाज आधी ती उचलून वाचतो. फाटलेली किंवा जळून भोकं पडलेली असेल, तर कापड बदला किंवा गोळी बदला. मध्ये काळा गोल डाग आणि काठ शाबूत, तर टॅली झालं.