दोन अंगणांतील म्हातारपण

वृद्धांच्या नैराश्याचा विषय निघाला, की आपण लगेच विचारतो, 'आजी राहतात कोणाकडे?' प्रश्न रास्त आहे. पण तो अपुरा आहे, असे इंग्लंडचा इतिहास पाहता वाटते.

तेथे १८३४ च्या गरीब कायद्याने अनेक पॅरिशांचे संघ करून निराधारांसाठी 'वर्कहाऊस' चालविली. आत येणाऱ्यांची वर्गवारी होई : पुरुष एका अंगणात, स्त्रिया दुसऱ्या. वृद्ध दांपत्यांनाही त्यातून सूट नव्हती. मरेपर्यंत सोबतीची शपथ देवळात घेतलेली, उभा जन्म एका चुलीपाशी काढलेली माणसे फाटकातून आत शिरताच वेगळी होत. छप्पर मिळे, भाकरी मिळे; मग तक्रार ती कसली? (काटकसरीच्या वहीत अश्रूंचा रकाना नसतो.) उपासमार सोसूनही त्या फाटकाकडे न वळणारे वृद्ध पुष्कळ होते. १८४७ साली साठीपुढच्या पतिपत्नींवर विभक्त राहण्याची सक्ती करू नये, असे कायद्याने ठरले. तरी त्यांच्यासाठी स्वतंत्र खोल्या क्वचितच झाल्या.

खरा फरक पडला तो जानेवारी १९०९ पासून. सत्तरी गाठलेल्या गरजूंना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन पोस्टात मिळू लागली. रक्कम तुटपुंजी खरी. पण लेकीकडे राहणारी म्हातारी आता त्या घरात रिकाम्या हातांनी बसत नव्हती. माझ्या मते या शिलिंगांचा आधार पोटापेक्षा मनाला अधिक झाला असावा.

समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन वस्तीतील वृद्धांच्या घरोघरी जाऊन केलेला अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकटे राहणे आणि एकाकी वाटणे या दोन गोष्टी त्यांनी निरनिराळ्या मानल्या. वर्षानुवर्षे एकटी राहिलेली माणसे बहुधा तितकी व्याकूळ नव्हती. ज्यांचा जोडीदार किंवा जिवाभावाचे माणूस अलीकडेच गेले होते, ती मात्र मुले-नातवंडे जवळ असली तरी पुष्कळदा खचलेली होती. आपण ज्याला 'घर ओकेबोके वाटणे' म्हणतो, ते हेच.

पुढे त्यांनी इंग्लंड-वेल्समधील वृद्धनिवास पाहिले. तो ग्रंथ १९६२ चा. गरीब कायदा १९४८ मध्ये रद्द झाला होता, परंतु कित्येक ठिकाणी इमारती जुन्याच होत्या. खाटांच्या लांबलचक रांगा, हाताला काम नाही, आपले म्हणावे असे चार जिन्नस नाहीत. वृद्धांना अशा मोठ्या निवासांत ठेवण्याऐवजी त्यांना छोटी स्वतंत्र घरे द्यावीत आणि मदतनीस हाकेच्या अंतरावर असावा, अशी त्यांची मागणी होती.