तांब्याच्या नाण्याचे मोल

चलनातून गेलेली नाणी मराठी भाषेने मात्र जपून ठेवली आहेत. दमडी, दिडकी, ढबू पैसा, खुर्दा हे शब्द आजही आपल्या लेखनात येतात. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार तर सरळ सराफाच्या पेढीवरून आला. एका नाण्याच्या बदली दुसरे देताना जी कसर कापली जाई, ती बट्टा. 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या जालन्याला हा व्यवहार नवा नव्हता, कारण तेथे संस्थानचा हाली सिक्का आणि इंग्रजी कलदार रुपया यांचे मोल सारखे नव्हते. नाण्याचे मोल कशावर ठरते, हा प्रश्न या भागात पुस्तकी नव्हे, बाजाराचाच होता.

या प्रश्नाचे एक उत्तर 1674 मध्ये रायगडावर दिले गेले. राज्याभिषेकाच्या वेळी आलेल्या हेन्री ऑक्झेंडन याच्या वकिलातीने कंपनीची नाणी स्वराज्यात चालावीत, असे एक कलम मागितले होते. ज्या नाण्यात प्रजेचे नुकसान होईल ते घेण्याची सक्ती आपण तिच्यावर करू शकत नाही. ते कसाला आणि वजनाला इतर राजांच्या नाण्यांइतके उतरले तर त्याला बंदीही करणार नाही, असा शिवाजी महाराजांच्या उत्तराचा आशय इंग्रजी कागदपत्रांत आहे. चालत्या नाण्याबाबत हे उत्तर अगदी रोखठोक आहे. पण नाणे चालायचे थांबले, की कस आणि वजन पुरेसे ठरत नाही.

त्याच काळात सुरू झालेली तांब्याची शिवराई पाहावी. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. फारसी अक्षरांच्या मोगली नाण्यांच्या जगात ही नागरी अक्षरे उठून दिसतात. ‘शिव’ कुठे ‘सिव’ होतो, कुठे ‘सीव’. लेखनाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास हे लहानसे दप्तरच आहे. परंतु महाराजांच्या पश्चात, पेशवाईतही ही नाणी पाडली जात होती, आणि बहुतेक शिवराई नाण्यांवर ना सन असतो, ना टांकसाळीचे नाव. तरी बाजारात मात्र सरसकट प्रत्येक शिवराई ‘शिवकालीन’ म्हणून विकली जाते.

येथे अमेरिकेतील तांब्याच्या सेंटशी तुलना उपयोगी पडते. 1793 पासून पाडलेल्या त्या मोठ्या सेंटवर वर्ष कोरलेले असे. विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये त्या नाण्यांसाठी 1 ते 70 अशी प्रतवारी मांडली. अगदी झिजलेल्या नाण्यास एक डॉलर मिळत असेल, तर त्याच ठशाच्या निर्दोष नाण्यास सत्तर, असा तिचा मूळ हिशेब होता. पुढे ती सर्व प्रकारच्या नाण्यांना लागू झाली. तिथे संग्राहकाने झीज मोजली की बरेचसे काम होते, कारण जन्माचा दाखला नाण्यावरच असतो. शिवराईचा दाखला नाण्यावर नसतो. तो जिथे ती सापडली त्या मातीत असतो.

ही माती काय सांगू शकते, ते जालना जिल्ह्यातील भोकरदनने दाखवले आहे. केळणेकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांचा उल्लेख सांचीच्या शिलालेखांत येतो. 1973 मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी डॉ. शां. भा. देव व डॉ. र. श. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. सातवाहनांची नाणी थराथरांतून मिळाली, आणि कोणत्या थरात कोणते नाणे, याची नोंद झाल्यामुळेच ती भांडी, मणी आणि हस्तिदंती मूर्ती यांच्याशी जोडता आली. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीचा 1906 चा साठाही हेच सांगतो. नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. सत्तांतराचा हा पुरावा साठा एकत्र राहिला म्हणून हाती आला. तीच नाणी एकेक करून विकली गेली असती, तर संग्राहकांना हजारो नाणी मिळाली असती, इतिहासाला फारच थोडे.

आपला कायदा मात्र अद्याप धातूच तोलतो. 1878 च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. ते शासनाने घेतल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा, एवढा मोबदला ठरलेला आहे. सोन्याच्या हंड्याला हा हिशेब एक वेळ पुरेल. पण नांगराच्या फाळाला लागलेल्या तांब्याच्या नाण्यांचे काय? शेतकऱ्यापुढे मग दोन वाटा उरतात: मोडीच्या भावाने तांबे घालणे, किंवा गुपचूप दलालाला देणे. पहिल्या वाटेने नाणे जाते. दुसऱ्या वाटेने नाणे राहते, पण त्याचे गाव जाते. दोष शेतकऱ्याचा आहे असे आम्ही मानत नाही. ज्या व्यवस्थेने स्थळाला मोलच दिले नाही, तिने त्याच्याकडून स्थळाची नोंद कशी अपेक्षावी?

हस्तलिखितांच्या बाबतीत पोथी कोणत्या गावी, कोणत्या घरी मिळाली, हे आपण आवर्जून नोंदवतो. तीच शिस्त तांब्याच्या पैशालाही लागू करावी. विद्यार्थ्याच्या घरी देव्हाऱ्यात शिवराई असेल, तर ती मागू नये, घासूनपुसून चकचकीतही करू नये, कारण त्या घासण्याने अक्षरे आणि वरचा जुना थर दोन्ही जातात. दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, गाव, आणि ती घरात कशी आली याची घरच्यांनी सांगितलेली हकिकत, इतके टिपले तरी पुरे. बाजार झिजलेल्या शिवराईला कमी भाव देईल. पण जिचे गाव ठाऊक आहे अशी झिजलेली शिवराई, गाव हरवलेल्या कोऱ्या नाण्याहून अभ्यासकाला अधिक मोलाची आहे.