दाभोळच्या बंदरात हरवलेलं कॅलेंडर

गेल्या वर्षी बाबांचं वर्षश्राद्ध होतं. मी पुण्यात, धाकटा भाऊ न्यू जर्सीत. घरातल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दिसेल असं एक सामायिक कॅलेंडर मीच बनवलं होतं. इथल्या पंचांगात बघून तारीख टाकली आणि मोकळा झालो. शेवटी आपण पडलो सॉफ्टवेअरवाले! भावाने त्या तारखेला सुट्टी काढली, तिकडच्या गुरुजींना फोन केला, तर ते म्हणाले, "अहो, इथे तिथी कालच झाली." भाऊ मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून एक माणूस सारखा आठवतोय. आमचं मूळ गाव दाभोळ, वाशिष्ठीच्या मुखावरचं. सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वी या बंदरातून एक रशियन व्यापारी घरी निघाला होता. अफानासी निकितीन, त्वेर गावचा. चौलला उतरून तो जुन्नर, बिदर असा बहामनी राज्यात फिरला. पण इकडे येण्याआधीच, व्होल्गाच्या मुखाशी त्याला लुटलं होतं आणि मालाबरोबर त्याची धर्मपुस्तकंही गेली होती.

यात एवढं काय? तर ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. ती चंद्र आणि वसंतसंपात यांच्यावरून काढावी लागते, आणि उपवासही त्यावरूनच ठरतात. पुस्तक नाही म्हणजे सण नाही, उपवास नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर लोकल कॉपी उडाली आणि सर्व्हर हजारो मैल दूर!

मग त्याने तेच केलं जे आपण सगळे करतो, शेजारच्या सिस्टिमशी जुळवून घेतलं. आपला ईस्टर मुसलमानांच्या बैरामच्या नऊ-दहा दिवस आधी येतो, असा ठोकताळा त्याने लिहून ठेवलाय. आता गंमत बघा. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. आज बरोबर वाटणारा फरक दोन वर्षांत पार चुकतो. पण विचारायचं कोणाला? दाभोळ हे फार मोठं बंदर आहे असं सांगताना तो लिहितो की इथेच त्याला आपला धर्म आणि उपवास आठवले, आणि त्याने परत जायचं ठरवलं. होर्मुझपर्यंतच्या प्रवासाला त्याने दोन सोन्याची नाणी मोजली. त्वेरला मात्र तो पोचलाच नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला.

ज्या ११ दिवसांनी निकितीनचा घोळ केला, त्यांच्यावर दख्खनमध्ये आधीच तोडगा निघाला होता. शेतसारा पिकावर वसूल होणार, पीक सूर्यावर चालणार आणि हिजरी साल मात्र सरकत राहणार. म्हणून १३४४च्या सुमारास शुहूर सन आला. आकड्यांची नावं अरबी, पण वर्ष सुरू होणार सूर्य मृग नक्षत्रात गेला की. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणतात. मराठ्यांच्या कागदपत्रांतही तो पुढे चालू राहिला.

दुसरा तोडगा मला जास्त आवडतो. जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली 'ग्रहलाघव' रचलं. ज्या-कोष्टकांची कटकट टाळून ग्रहगणित सोपं केलं. आता गावोगावच्या जोशांना तयार पंचांग पोचवायची गरजच नव्हती. प्रत्येकाकडे तीच रीत, आणि आपल्या गावापुरता देशांतराचा संस्कार करायचा की झालं. (हा सगळा इतिहास मराठीत आणला तो आमच्याच दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, १८९६ साली.)

थोडक्यात काय, तर त्या जोशांनी नेटवर्कवरून डेटा नाही, रीत वाटून घेतली. १९९८च्या आयकॅलेंडर प्रमाणातही 'दर सोमवारी'च्या शंभर तारखा साठवत नाहीत. नियम आणि टाइम झोन साठवतात, बाकीचं ज्याचं त्याने काढायचं.

मी नेमकं उलटं केलं होतं. तिथी संपायचा क्षण सगळ्या जगात एकच असतो, पण ती कोणत्या दिवसाची हे त्या त्या गावचा सूर्य ठरवतो. श्राद्धाला तर अपराह्णकाळची तिथी बघतात. मी भावाला पुण्याच्या सूर्याची तारीख पाठवली, म्हणजे निकितीनचाच ठोकताळा!

असो. मागच्या शनिवारी बसून ती तारीख पुसली. आता कॅलेंडरमध्ये बाबांची तिथी आहे आणि प्रत्येकाचं गाव आहे. एक छोटा प्रोग्रॅम ज्याची त्याची तारीख काढतो. यंदा माझ्याकडे एक दिवस दिसतोय आणि भावाकडे त्याच्या आदला. त्याला कळवलं, तर दोन मिनिटांत उत्तर आलं, "सुट्टी टाकली."