ओव्हरटाइमचा पगार कसा काढतात? ‘डबल’ मिळतं, पण नेमकं कशाचं?

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांच्या चिमण्या पेटल्या की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कामाच्या वेळा बदलतात. कराड, वाळवा, वाई भागातले कारखाने हंगामभर तीन पाळ्यांत चालतात. शिरवळ, लोणंद, सातारा, इस्लामपूर, कुपवाड, मिरज इथल्या एमआयडीसीत तर बाराही महिने शिफ्ट असतेच. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की आधीच्या माणसाला थांबावं लागतं. कामगारांच्या भाषेत याला ‘डबल मारली’ म्हणतात.

पण डबल मारली म्हणजे पैसे डबल मिळालेच, असं नाही. बऱ्याच ठिकाणी डबल ड्युटीला एक हजेरी जास्त मांडतात आणि विषय संपतो. काही ठिकाणी दुप्पट दर देतात, पण तो फक्त मूळ पगाराच्या दुप्पट असतो. दोन्ही ठिकाणी सॅलरी स्लिपवर ‘ओटी’ची ओळ दिसते, त्यामुळे कामगारालाही वाटतं की हिशोब बरोबर आहे.

ओव्हरटाइमचा हिशोब तीन आकड्यांवर उभा असतो : जादा तास कधीपासून मोजायचे, दुप्पट कशाची करायची आणि महिन्याच्या पगाराला कितीने भागायचं. यातला एक आकडा जरी बदलला तरी महिन्याला हजारो रुपयांचा फरक पडतो.

आधी कायदा कोणता ते पाहू

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ नुसार दिवसाला ९ तासांपेक्षा किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम केलं, तर जादा तासांना साध्या दराच्या दुप्पट वेतन द्यावं लागत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. वेतनाचा भाग वेतन संहितेत आला. जुने नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तेवढे चालू राहतात.

दुप्पट दर मात्र दोन्हीकडे कायम आहे. नव्या संहितेने दिवसाचं काम ८ तासांचं आणि आठवडा जास्तीत जास्त ६ दिवसांचा धरला आहे. म्हणजे आठ सक अठ्ठेचाळीस, आठवड्याचा आकडा तोच. जुनी थकबाकी असेल तर ती ज्या काळातली आहे, त्या काळचा कायदा पाहावा लागतो.

दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांना महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यातही जादा कामाला दुप्पट दरच सांगितला आहे.

पहिला आकडा : जादा तास कधीपासून?

दिवसाचा हिशोब वेगळा आणि आठवड्याचा वेगळा करायचा. दोन्हींपैकी जो कामगाराच्या फायद्याचा असेल तो धरायचा, असं नव्या संहितेत स्पष्ट लिहिलं आहे. दोन उदाहरणं बघा. दोन्हींत दिवसाची मर्यादा ९ तास धरली आहे.

• एक कामगार सहा दिवस रोज साडेआठ तास काम करतो. एकाही दिवशी ९ तास ओलांडले नाहीत. पण आठवड्याचे झाले ५१ तास. म्हणजे ओव्हरटाइम ३ तास.

• दुसरा कामगार चार दिवस रोज ११ तास काम करतो आणि दोन दिवस रजा घेतो. आठवड्याचे तास ४४ च. पण दिवसाच्या हिशोबाने रोज २ तास जादा, म्हणजे ओव्हरटाइम ८ तास. ‘तुझे ४८ भरलेच नाहीत’ हे उत्तर इथे चालत नाही. दिवसाची मर्यादा ८ तासांची धरली तर याच कामगाराचे जादा तास १२ होतात.

जेवणाची सुट्टी कामाच्या तासांत धरत नाहीत. सकाळी ८ ते दुपारी ४.३० अशी शिफ्ट आणि मध्ये अर्धा तास जेवण असेल, तर काम ८ तासांचंच. मात्र त्या अर्ध्या तासात मशीन सोडून जाता येत नसेल, तर ती सुट्टी उरत नाही.

रात्रपाळीत आणखी एक घोळ होतो. पाळी रात्री १२ च्या पुढे गेली की तारीख बदलते आणि मग एकाच पाळीचे तास दोन दिवसांत वाटून ओव्हरटाइम गायब केला जातो. कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ नुसार मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसाच्या कामातच मोजायचे असतात.

दुसरा आकडा : दुप्पट कशाची?

सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. जुन्या अधिनियमात ‘साधा दर’ म्हणजे मूळ वेतन अधिक कामगाराला त्या वेळी मिळत असलेले भत्ते, अशी व्याख्या होती. त्यातून बोनस आणि ओव्हरटाइमची रक्कम वगळलेली होती. म्हणजे नुसतं बेसिक दुप्पट करणं तेव्हाही चूकच होतं.

वेतन संहितेच्या व्याख्येत मूळ वेतन, महागाई भत्ता आणि रिटेनिंग अलाउन्स या तीन गोष्टी येतात. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांना बिगरहंगामात मिळणारा रिटेन्शन भत्ता याच जातीचा. राज्याच्या किमान वेतनात जो ‘विशेष भत्ता’ दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, तो म्हणजेच महागाई भत्ता. तो बाजूला ठेवून ओव्हरटाइम काढता येत नाही. घरभाडे, प्रवास असे भत्ते मात्र नव्या व्याख्येत बाहेर आहेत.

त्यावर एक अट आहे. बाहेर ठेवलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर निम्म्यावरची रक्कम पुन्हा वेतनात धरायची. समजा एकूण मोबदला २४,९६० रुपये आहे, त्यात बेसिक ८,३२० आणि बाकी १६,६४० घरभाडे, प्रवास वगैरे. निम्मी रक्कम होते १२,४८०. भत्ते त्यापेक्षा ४,१६० ने जास्त आहेत. ते बेसिकमध्ये मिळवले की वेतन १२,४८० झालं. ओव्हरटाइम ८,३२० वर न काढता १२,४८० वर काढायचा. बेसिक कमी दाखवून ओव्हरटाइम वाचवायची वाट यामुळे अरुंद झाली आहे.

तिसरा आकडा : २६ की ३०?

महिन्याच्या पगारावरून तासाचा दर काढताना आधी दिवसाचा दर काढावा लागतो. महाराष्ट्राच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांत दिवसाचा दर काढण्यासाठी महिन्याच्या वेतनाला २६ ने भागायला सांगितलेलं असतं, कारण चार साप्ताहिक सुट्ट्या सोडल्या तर कामाचे दिवस साधारण तेवढेच उरतात. काही ठिकाणी ३० ने भागतात. तसं केलं की सुट्टीचे दिवसही कामाचे धरले जातात आणि तासाचा दर खाली येतो.

सूत्र असं :

वेतन ÷ २६ ÷ ८ = तासाचा साधा दर
साधा दर × २ × जादा तास = ओव्हरटाइमची रक्कम

आता पूर्ण हिशोब

कुपवाडच्या एखाद्या कारखान्यातला कामगार धरू. बेसिक ८,३२० रुपये, विशेष भत्ता ६,२४० रुपये, घरभाडे भत्ता २,०८० रुपये. महिन्यात जादा तास ३०. वेगवेगळ्या पद्धतीने काय हाती येतं ते बघा :

• फक्त बेसिक, एकेरी दर : तासाला ४० रुपये, एकूण १,२०० रुपये.
• फक्त बेसिक, दुप्पट दर : तासाला ८० रुपये, एकूण २,४०० रुपये.
• बेसिक आणि विशेष भत्ता, ३० ने भागून, दुप्पट दर : तासाला सुमारे १२१ रुपये, एकूण ३,६४० रुपये.
• बेसिक आणि विशेष भत्ता, २६ ने भागून, दुप्पट दर : तासाला १४० रुपये, एकूण ४,२०० रुपये.
• जुन्या व्याख्येप्रमाणे घरभाडे भत्ताही धरून : तासाला १६० रुपये, एकूण ४,८०० रुपये.

माणूस तोच, तासही तेवढेच, पण १,२०० आणि ४,२०० यांत ३,००० रुपयांचा फरक आहे. असे सहा महिने गेले तर १८,००० रुपये.

याच कामगाराने एकदा १६ तासांची डबल मारली, तर एका जादा हजेरीचे ५६० रुपये होतात. आठ तासांनंतर दुप्पट दर धरला तर त्याचे १,१२० रुपये व्हायला हवेत. नऊ तासांची मर्यादा धरली, तर नववा तास साध्या दराने आणि पुढचे सात तास दुप्पट दराने, म्हणजे १,०५० रुपये.

नगावर किंवा मीटरवर काम असेल तर?

विट्यासारख्या यंत्रमागाच्या गावात मजुरी तासावर नसते, तयार कापडावर असते. मग तासाचा दर कुठून आणायचा? कारखाने अधिनियमात याचं उत्तर होतं. ज्या महिन्यात जादा काम केलं, त्याच्या आधीच्या महिन्यात त्याच कामावर प्रत्यक्ष भरलेल्या दिवसांची सरासरी कमाई काढायची. त्यात ओव्हरटाइम धरायचा नाही. सरासरी दिवसाला ६४० रुपये आली, तर तासाचे ८० आणि जादा तासाचे १६०. ‘तुझं काम नगावर, तुला कसला ओव्हरटाइम’ हे म्हणणं कारखान्याला कधीच लागू नव्हतं.

किती तास थांबवता येतं?

जादा कामाला वरची मर्यादा असते. महाराष्ट्रात कारखान्यांसाठी ती तिमाहीला ११५ तास होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती १४४ तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. नव्या संहितेत कामगाराच्या संमतीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही.

मर्यादा वाढली म्हणून दर कमी होत नाही. दुप्पट दर ठेवण्यामागे एक साधा विचार आहे. जादा तास मालकाला महाग पडले पाहिजेत, म्हणजे तो एकाच माणसाला राबवण्याऐवजी दुसरा माणूस कामावर घेईल. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गुजरात सरकारने कारखान्यांना १२ तास काम आणि जादा तासांना एकेरी दर अशी सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली आणि कामगारांना ओव्हरटाइमचे पैसे द्यायला सांगितलं.

नेहमी ऐकू येणारी चार उत्तरं

‘तू सुपरवायझर आहेस, तुला ओटी नाही.’ नुसत्या पदनामाने काही ठरत नाही. प्रत्यक्ष काम देखरेखीचं आहे का, हे पाहतात. नव्या संहितेत देखरेखीचं काम करणारा आणि महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जातो. दिवसभर मशीनवर उभा असणारा माणूस नावाने सुपरवायझर असला तरी कामगारच.

‘पैशाऐवजी एक सुट्टी घे.’ साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावलं तर बदली सुट्टी द्यावीच लागते. पण ती जादा तासांच्या पैशांच्या बदल्यात नसते.

‘ठेकेदाराला विचार.’ ठेकेदाराने वेतन दिलं नाही तर ज्या आस्थापनेत काम चालतं तिच्या मालकावर जबाबदारी येते.

‘ओटीवर पीएफ का कापला नाही?’ हा प्रश्न कामगाराकडून येतो. ओव्हरटाइमच्या रकमेवर पीएफ कापत नाहीत, त्यामुळे ती वजावट दिसली नाही तर काही चुकलेलं नाही.

पैसे कमी आले तर?

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा आणि त्याची स्लिपही. सुरुवात लेखी अर्जाने करावी : तारीख, जादा तास, मिळालेली रक्कम आणि मिळायला हवी होती ती रक्कम. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. कारखान्यात संघटना असेल तर तिच्यामार्फत जावं. साखर कारखान्यांत वेतन राज्य पातळीवरच्या त्रिपक्षीय कराराने ठरतं, त्यामुळे त्या कराराची प्रत जवळ असलेली बरी. करारात कायद्यापेक्षा जास्त काही दिलं असेल तर ते मागता येतं.

तिथे काम झालं नाही तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जावं. वेतन संहितेनुसार दावा ३ वर्षांच्या आत करता येतो. दावा स्वतः कामगार करू शकतो किंवा त्याची संघटना. प्राधिकारी थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. वेतन पूर्ण दिलं हे सिद्ध करायची जबाबदारीही मालकावर आहे.

तरी किती तास थांबलो हे कामगाराला सांगता आलं पाहिजे. मस्टर आणि पंचिंगची नोंद कारखान्याच्या ताब्यात असते. म्हणून स्वतःची नोंद ठेवलेली चांगली. खिशातल्या डायरीत रोज एक ओळ पुरते : तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, कुणाच्या सांगण्यावरून थांबलो. ती ओळ त्याच दिवशी लिहावी आणि सॅलरी स्लिपा जपून ठेवाव्यात. हिशोब महिन्याच्या शेवटी वेतन ÷ २६ ÷ ८ × २ या सूत्राने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही दोन मिनिटांत होतो.