ताजा कलमातली जाहिरात

जाहिरात एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे संसर्गासारखी पसरत जावी आणि प्रसाराचे काम ग्राहकानेच करावे, अशा पद्धतीला ‘व्हायरल मार्केटिंग’ म्हणतात. कर्णोपकर्णी होणारी प्रसिद्धी व्यापाराइतकीच जुनी आहे. ही संज्ञा मात्र १९९७ च्या सुमारास रूढ झाली, ती नवउद्योगांत भांडवल गुंतवणाऱ्या टिम ड्रेपर आणि स्टीव्ह जर्व्हेट्सन यांच्यामुळे, आणि त्यांच्यासमोर उदाहरण होते हॉटमेलचे.

सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ही सेवा सुरू केली. तोवर ई-मेलचा पत्ता बहुधा कचेरीचा, विद्यापीठाचा किंवा इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीचा असे आणि तो संबंध तुटला की पत्ताही जाई. हॉटमेलची टपालपेटी मात्र इंटरनेट असलेल्या कोणत्याही संगणकावर, फुकट उघडता येई. जाहिरातीवर ओतायला पैसा नसल्याने, प्रत्येक पत्राच्या तळाशी ताजा कलमासारखी एक ओळ जोडावी, असे ड्रेपर यांनी सुचवले. दुसऱ्याच्या खासगी मजकुराखाली कंपनीने आपले घोडे दामटावे हे संस्थापकांना प्रथम प्रशस्त वाटले नाही, आणि त्यांचा हा संकोच गैरही नव्हता. त्या ओळीत ड्रेपर यांना प्रेमाचे शब्दही हवे होते; ते अखेर गळले. फुकट ई-मेल कोठे मिळेल, एवढे सांगणारी ओळ तेवढी राहिली.

दीड वर्षात सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी नावे नोंदवली आणि त्यासाठी प्रसिद्धीवर पाच लाख डॉलरहूनही कमी खर्च झाला. याच काळात जुनो या स्पर्धक सेवेने दोन कोटी डॉलरहून अधिक खर्चूनही तिला तेवढे यश आले नाही. स्वीडन आणि भारतात तर हॉटमेलने काहीही प्रचार केलेला नसताना ती सर्वांत मोठी ई-मेल सेवा ठरल्याचे जर्व्हेट्सन यांनी नोंदवले. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. घरी जोडणी नसलेल्या आणि सायबर कॅफेत तासावर पैसे मोजणाऱ्या माणसाला असा फिरता पत्ता सोयीचाच होता.

या यशाचे श्रेय केवळ त्या ओळीच्या चतुराईला देणे बरोबर नाही. पत्र ओळखीच्या माणसाकडून येई, म्हणून जाहिरातीला त्याची पत लाभे. शिवाय हातात पडलेले पत्र हाच सेवा चालते याचा पुरावा असे. पुढे निव्वळ गमतीच्या चित्रफितींतून नाव पसरवू पाहणाऱ्यांकडे हा पुरावा नव्हता, आणि गंमत लक्षात राहून वस्तू विसरली जाणे तेथे ओघानेच आले.

नाव सर्वतोमुखी होणे आणि ग्राहक टिकणे या मात्र निराळ्या गोष्टी आहेत. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने हॉटमेल सुमारे ४० कोटी डॉलरना विकत घेतले; २००४ मध्ये निमंत्रणावर मिळणारे, एक गिगाबाइट जागा देणारे जीमेल आले आणि २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हॉटमेलचे उरलेले ग्राहक आउटलुककडे वळवून ते नाव सेवेवरून उतरवले.