चित्रपट विश्लेषण

चित्रपट विश्लेषण म्हणजे दृश्य, ध्वनी आणि संकलन यांच्या आधारे चित्रपटाचा अर्थ कसा घडतो याचा अभ्यास होय. कथासारात काय घडले ते सांगितले जाते, परीक्षणात चित्रपटाचे मूल्यमापन केले जाते. विश्लेषणात मात्र एखादी घटना विशिष्ट रीतीनेच का दाखवली, याचा शोध घेतला जातो. विद्यार्थ्यांच्या लेखनात कथासारच अनेकदा विश्लेषणाची जागा घेते.

शॉट आणि चौकट

दोन कटांमधील अखंड चित्रणास शॉट म्हणतात. विषय चौकटीत किती मोठा दिसतो त्यानुसार लाँग शॉट, मिड शॉट व क्लोज-अप असे प्रकार केले जातात. खालून टिपलेले पात्र सामर्थ्यवान व वरून टिपलेले दुर्बल भासते, असे सांगितले जाते. परंतु हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये कॅमेरा बहुतांशी दूर आणि स्थिर राहतो. त्यामुळे न्यायालयातील माणसांइतकीच तेथील संथ यंत्रणाही प्रेक्षकाच्या नजरेत भरते.

चौकटीतील नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा आणि पात्रांच्या जागा यांच्या एकत्रित मांडणीस मीज-आँ-सेन म्हणतात. ही फ्रेंच संज्ञा रंगभूमीवरून आली आहे.

संकलन

सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाच्या चेहऱ्याचा एकच शॉट वेगवेगळ्या शॉटना जोडला. पुदोव्हकिन यांच्या वर्णनानुसार सूपच्या थाळीनंतर प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर चिंतन दिसले, तर शवपेटीनंतर दुःख. चेहरा मात्र तोच होता. शॉटचा अर्थ शेजारच्या शॉटवरही अवलंबून असतो, या तत्त्वास 'कुलेशोव्ह परिणाम' असे नाव आहे.

ध्वनी

पात्रांना ऐकू येणारा ध्वनी कथाविश्वातील, तर केवळ प्रेक्षकांसाठी असलेले पार्श्वसंगीत कथाविश्वाबाहेरील मानले जाते.

उदाहरण: फँड्री

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) मध्ये डुकराचा पाठलाग करणारे जब्याचे दलित कुटुंब शाळेतील राष्ट्रगीत ऐकून स्तब्ध उभे राहते. हे गीत कथाविश्वातील ध्वनी आहे. ते पात्रांना ऐकू येते म्हणूनच ती थांबतात, आणि ज्या राष्ट्राचा ती सन्मान करतात त्यातील त्यांचे स्थान त्याच चौकटीत उघड होते. पुढे पकडलेले डुक्कर वाहून नेले जात असताना मागच्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महात्मा फुले व सावित्रीबाई फुले यांची चित्रे दिसतात. येथे एकही संवाद नाही. विरोधाभास केवळ मीज-आँ-सेनमधून उभा राहतो.

शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. कथासारात त्याने हिणवणाऱ्याला दगड मारला, एवढेच येईल. परंतु कॅमेरा येथे त्या हिणवणाऱ्याच्या जागी आहे, म्हणून आतापर्यंत जब्याविषयी हळहळणारा प्रेक्षकच दगडाच्या वाटेत सापडतो.